सतराव्या प्रकरणातलं घूंऽ

"ताई, सतराव्या प्रकरणात मध्येच घूंऽ येतंय. आणि जातंय. येतंय तर येऊ दे, काढता येतं. पण जातंय ना, ते खटकतंय."

पुण्याहून फोन होता. मी ज्यांच्यासाठी पुस्तकं वाचते त्यांच्याकडचा ध्वनिसंपादक, वयाने माझ्या मुलाएवढा. एवढं बोलून त्याने अठरावं प्रकरण कधी येणार ते विचारलं आणि फोन ठेवला. त्याच्या त्या 'जातंय ना'मध्ये सगळं निदान होतं. मला ते उमगायला मात्र चार महिने लागले, आणि दुकानदाराने परत न घेतलेला एक पंप.

नागपूर आकाशवाणीत मी पुष्कळ वर्षं नैमित्तिक उद्घोषिका होते. तिथे दार जाड, भिंतींना भोकाभोकांचे तक्ते, आणि गुरगुरणारी जेवढी म्हणून यंत्रं होती ती काचेच्या पलीकडे. लाल दिवा लागला की आपल्याच गिळण्याचा आवाज ऐकू यायचा. त्या शांततेची किंमत कधी मनात आली नाही, कारण ती आपली नव्हतीच, सरकारची होती. घरी मागच्या खोलीत सगळं उलटं. भिंतींना जुन्या रजया आणि दोन गाद्या, मध्ये टेबल, टेबलावर माइक, आणि माइकपासून हातभरावर संगणक. मधली काच गेली होती आणि ती गेल्याचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

ऑडिओबुकमध्ये दोन वाक्यांच्या मधली जागाही तपासली जाते. कोणी बोलत नसताना जो आवाज उरतो तो उणे ६० डेसिबलच्या खाली हवा, ही ऑडिबलच्या एसीएक्सची प्रसिद्ध अट. आमच्याकडेही कमीअधिक तीच मोजपट्टी. मी मोजलं तर उणे ६३, कधी उणे ५४. एकाच खोलीत, एकाच पहाटे. उणे ६३ असताना मी पास, उणे ५४ला नापास, आणि एका परिच्छेदात दोनदा निकाल बदलायचा.

कारण शोधायला फार अक्कल लागली नाही. माझा प्रोसेसर ६५ वॉटचा, सहा कोअरचा. त्याच्याच खोक्यातून आलेला तळहाताएवढा पंखा त्याच्या डोक्यावर बसलेला. मी वाचत असताना प्रोसेसरला काम असं नसतंच. आवाज उचलायचा आणि डिस्कवर ठेवायचा. पण मागे अँटीव्हायरसला मध्येच जाग येते, एखादं अपडेट डोकं वर काढतं, आणि तेवढ्या क्षणी तापमान ४५वरून ६५ला उडी मारतं. इतक्या चटकन का, तर उष्णता तयार होते तो सिलिकॉनचा तुकडा जेमतेम ८० चौरस मिलिमीटरचा. चिंचोक्यापेक्षाही लहान. फोडणीच्या पळीत थेंबभर तेल जसं बघता बघता तापतं, तसं. पंखा ते बघतो, घाबरून १२०० फेऱ्यांवरून २४००वर जातो, तोवर तापमान उतरलेलं असतं, म्हणून परत खाली येतो. घूंऽ येतं आणि जातं.

पंख्याची पाती मोजली. सात. मिनिटाला २४०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ४०, गुणिले सात, २८० हर्ट्झ. बाईच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण १६५ ते २५५ हर्ट्झच्या दरम्यान असतो. म्हणजे पंखा माझ्या शेजारच्याच पाटावर बसला होता. नॉइज रिडक्शन लावून त्याला पुसायला गेलं की माझ्या आवाजाचाही पदर फाटायचा, शब्दांच्या शेवटी पाण्याखालून बोलल्यासारखे बुडबुडे यायचे. स्थिर गुणगुण असेल तर सॉफ्टवेअर तिचा नमुना घेऊन ती वजा करतं. दर अर्ध्या मिनिटाला सूर बदलणाऱ्याचा नमुना कुठला घेणार?

पहिला उपाय मी बायकी हुशारीने केला. संगणक उचलला आणि भिंतीतल्या कपाटात ठेवला, जिथे आधी दिवाळीची भांडी असत. वायरींसाठी सुताराकडून भोक पाडून घेतलं, दार लावलं. अहाहा. पहिली वीस मिनिटं आकाशवाणी परत आली. चाळिसाव्या मिनिटाला दारामागून मिक्सर लावल्यासारखा आवाज, आणि पडद्यावर आवाजाची रेघ तुटक तुटक. कपाटातली हवा कपाटातच फिरत होती. पंखा आपलीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत होता. प्रोसेसरने ९५ अंशांना हात जोडले आणि स्वतःचा वेग कमी केला. चाळीस मिनिटांचं वाचन गेलं. त्यात एका म्हातारीचं मरण होतं, ते मी एकदाच नीट वाचू शकले होते. दुसऱ्या दिवशी परत वाचलं, पण तसं आलं नाही.

मग सीताबर्डीच्या बाजारात गेले. नागपुरात दुकानात जाऊन "मला कूलर दाखवा" म्हणण्यात एक गंमत आहे. इथे कूलर म्हणजे खिडकीला लावायचा, पत्र्याचा, वाळ्याच्या किंवा लाकडी तंतूंच्या ताट्यांचा, टिल्लू पंपावर चालणारा. मार्च संपत आला होता. काउंटरवरच्या पोराने आधी मला रस्त्यापलीकडचं दुकान दाखवलं. गैरसमज दूर झाल्यावर मी म्हटलं, "मला पंखाच नसलेलं काही मिळेल का?"

हा हट्ट काही माझा एकटीचा नाही. १९८४चा पहिला मॅकिंटॉश बिनपंख्याचा होता, स्टीव्ह जॉब्सला संगणकात पंखा नकोच असे. १९८७च्या मॅकिंटॉश एसईमध्ये मात्र तो आलाच. नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीने २०२१मध्ये पंख्याशिवाय चालणारा एनएच-पी१ काढला, किलोहून जास्त वजनाचा, जाड पत्र्यांचा. गरम हवा आपसूक वर जाते या भरवशावर तो चालतो. भरवसा खरा आहे, पण कूलर कुठलाही असो, प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीपेक्षा तो किती अंश जास्त तापेल, तेवढंच त्याच्या हातात. व्हिएन्नाच्या बाविसाच्या खोलीत जे चालतं ते माझ्या अडतीसाच्या खोलीत सोळा अंशांच्या उधारीवर सुरू होतं. २३ मे २०१३ला या गावाने ४७.९ पाहिलेत.

पोरगा म्हणाला, "मॅडम, लिक्विड घ्या. आवाज येऊनच नाही राहत त्याचा." दुकानात त्याने चालू करून दाखवलं. खरंच आवाज आला नाही. बाहेर बर्डीची वाहतूक होती, आत दोन एसी, आणि शेजारी कोणीतरी कीबोर्ड ठोकून बघत होतं. अशा ठिकाणी विमान उतरलं तरी कळायचं नाही. मी घेतला.

घरी रात्री अकराला खोलीत बसले तेव्हा ऐकू आलं. घूं नव्हतं. त्याजागी एक बारीक, सुईसारखा सूर होता, अखंड. पंप. शिवाय सुरू करताना पोटात गुरगुरल्यासारखं पाणी वाजायचं. हे कंपनीचं पाप नव्हे, या वस्तूची घडणच तशी: पाणी प्रोसेसरची उष्णता उचलतं, नळीतून जाळीपर्यंत नेतं, आणि तिथे ती हवेतच सोडायची असते, पंख्यांनीच. म्हणजे पंखे गेले नाहीतच, वर चोवीस तास चालणारा पंप आला. व्हिडिओ करणारे, तास-तास प्रोसेसर पिळून काढणारे लोक आहेत, दोनशे-अडीचशे वॉट सतत काढणारे; त्यांना हे लागतं, आणि त्यांच्या खोलीत माइक नसतो. मला तो सूर दोन वाक्यांच्या मधल्या जागेत दिसायचा, पडद्यावर रेघेसारखा. तीन दिवसांनी दुकानात गेले तर "वापरलेला माल परत होत नाही" अशी पाटी, जी आधीही तिथेच होती.

इथे माझा भाचा आला. इथल्या व्हीएनआयटीत इंजिनिअरिंग शिकतो, जेवायला येतो. त्याने जेवण होईपर्यंत सगळी हकिकत ऐकली आणि हात धुवून माझी शिवणाची टेप मागितली. "मावशी, तू आवाजाचं काम करतेस आणि वस्तू डोळ्यांनी घेतेस." संगणकाच्या पेटीची रुंदी आतून मोजली, प्रोसेसरच्या माथ्यापासून काचेच्या झाकणापर्यंत. १६० मिलिमीटर. नॉक्टुआचा नावाजलेला एनएच-डी१५ त्यामुळे तिथेच बाद, तो १६५चा. पाच मिलिमीटर! एवढ्या अंतरासाठी नवी पेटी घ्यायची का यावर आम्ही दोघं अर्धा तास बोललो, आणि मग किंमत पाहून गप्प बसलो. ठरला तो १५५ मिलिमीटर उंचीचा, दोन मनोऱ्यांचा, सहा हीट पाइपांचा, १२० मिलिमीटरच्या दोन पंख्यांचा. डी१५च्या निम्म्याहून कमी पैशात.

हीट पाइप या वस्तूवर माझा जीव जडला. तांब्याची बोटापेक्षा बारीक नळी, आत थोडंसं पाणी, हवा काढून टाकलेली. दाब कमी असल्यामुळे ते पाणी थोड्याशा उष्णतेनेही वाफ होतं, वाफ वरच्या थंड पत्र्यांपाशी जाऊन पुन्हा पाणी होते, आणि नळीच्या आतल्या बाजूला तांब्याच्या भुकटीचा जो सच्छिद्र थर असतो, त्यातून ते पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं परत खाली येतं. पंप नाही, मोटर नाही. १९६३मध्ये लॉस अलामॉसच्या जॉर्ज ग्रोव्हरने तिला हे नाव दिलं. आपल्या खिडकीतला वाळ्याचा कूलरही पाण्याची वाफ करूनच गारवा देतो, फक्त तिथलं पाणी उडून जातं आणि संध्याकाळी बादली घेऊन उभं राहावं लागतं. या नळीतलं चमचाभर पाणी वर्षानुवर्षं तेच.

रविवारी बसवायला घेतला. पंप काढताना भाच्याने संगणक आधी दहा मिनिटं चालू ठेवला, म्हणजे पेस्ट मऊ होते. नाहीतर ओढताना प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून हातात येतो, पायांसकट. आधीची पेस्ट शाडूसारखी चिकटून बसली होती. चष्मा पुसायच्या कापडावर स्पिरिट घेऊन मी ती पुसली, प्रोसेसरच्या टोपणावरची अक्षरं दिसेपर्यंत. मग मटाराच्या दाण्याएवढी नवी पेस्ट, वर तो किलोभराचा मनोरा, आणि दोन स्क्रू, आळीपाळीने: इकडे दोन फेरे, तिकडे दोन फेरे, डब्याचं झाकण सरळ बसावं म्हणून आपण फिरवतो तसे. चालू केलं. तापमान ८८. काहीच न करता.

भाच्याचा चेहरा उतरला. मी म्हटलं, चहा घेऊ. चहा होईस्तोवर त्याने सगळं पुन्हा उकललं आणि मनोऱ्याच्या बुडाशी नख लावून एक पारदर्शक पापुद्रा सोलला. वर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं, बसवण्याआधी काढा. "मावशी, हे कोणाला सांगू नको." मी सांगत नाहीये, लिहितेय.

दुसऱ्यांदा ४१.

आणि तरीही काम झालं नव्हतं. रात्री ऐकलं तर वांऽव, वांऽव, वांऽव, हलक्या लाटा. माझी आई गायची, त्यामुळे हा आवाज मला पाळण्यापासून माहीत आहे. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा अगदी जवळ आल्या पण मिळाल्या नाहीत, की त्या अशाच हेलकावतात. आई खुंटी पिळत जायची आणि हेलकावे लांबत लांबत नाहीसे व्हायचे. इथे दोन पंखे होते, एक ९००वर, दुसरा त्याहून पंधरावीस फेऱ्या पुढे. सेकंदाला दोनएक हेलकावे. पंख्यांना खुंटी नसते. मी पुढचा पंखा काढून ठेवला, नुसता मधला राहिला. तापमान तीन अंशांनी वाढलं. लाटा गेल्या. सारख्या आवाजाचे दोन पंखे एकापेक्षा तीन डेसिबलने मोठे असतात, तेही वाचले. भाचा हळहळला, पैसे दिलेत ना मावशी, पण तो पंखा आता पेटीच्या मागच्या बाजूला हवा बाहेर टाकायला लावलाय, सावकाश.

सावकाश हाच या सगळ्यातला कळीचा शब्द असावा. पंख्याचा वेग निम्मा केला की हवाही निम्मी होते, पण आवाज मात्र पंधराएक डेसिबलने खाली येतो. म्हणून पत्रा भरपूर हवा आणि पंखा मोठा. मग दोघांनाही घाई नाही. खोक्यातून आलेल्या त्या छोट्या पंख्याची चूक एवढीच की त्याला पत्राच कमी दिला होता, तो बिचारा धावून भरपाई करत होता. मी बायॉसमध्ये जाऊन पंख्याला सांगून ठेवलं: ७० अंशांपर्यंत ६५० फेऱ्या, हलायचं नाही. त्यापुढे वाढ, पण तापमान काही सेकंद टिकलं तरच. क्षणिक उड्यांकडे दुर्लक्ष. प्रोसेसरलाही ४५ वॉटची मर्यादा घातली. शेवटी तासाभराची फाइल बाहेर काढताना थोडे सेकंद जास्त लागतात; तेवढ्यात मी खिडकी उघडते.

हे सगळं झाल्यावर पडद्यावर एक रेघ उरली, १२० हर्ट्झवर, काजळाने ओढल्यासारखी. मी आधी विजेला दोष दिला. पण आपली वीज ५० हर्ट्झची. तिची गुणगुण ५०ला नाहीतर १००ला दिसते, १२०ला नव्हे. दोन दिवस मी खोलीतल्या एकेक वस्तूचं बटण बंद करत फिरले. टेबल-दिवा, राउटर, देवघरातली विजेची समईसुद्धा. मग एकदा कोपर पेटीवर टेकवलं आणि हाताला झिणझिण जाणवली. जुनी हार्ड डिस्क. मिनिटाला ७२०० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला बरोबर १२०. पंख्याच्या गदारोळात ती इतकी वर्षं लपून बसली होती. ती काढून बाहेरच्या डबीत टाकली. आता ती फक्त शनिवारी जोडते, आठवड्याचं काम ठेवायला.

माइकची पाठ संगणकाकडे करणं, पेटी टेबलावरून खाली चटईच्या तुकड्यावर ठेवणं, लांब वायर घेऊन ती हातभराऐवजी चार हातांवर नेणं, या फुकटच्या गोष्टी मी सगळ्यात शेवटी केल्या. आधी केल्या असत्या तर पंप घेतलाच नसता कदाचित. पैसे खर्च करून झाल्यावरच माणसाला फुकटचं सुचतं, किमान मला तरी.

मे महिन्यात परीक्षा होती. वाचताना खिडकीतला कूलर बंद, छताचा पंखा बंद. दिवसा ते शक्यच नाही, म्हणून पहाटे चार ते सात. नवतप्यात, उन्हाळ्याच्या त्या ऐन नऊ दिवसांत, पहाटे चारलाही खोलीत ३४. प्रोसेसर ६३, पंखा ६५०, जागचा हलला नाही. मी मात्र ओला टॉवेल मानेवर टाकून वाचत होते, आणि पान उलटताना घाम टिपत होते. माझ्या कूलिंगचं काय, हे त्या भाच्याला अजून सुचलेलं नाही.

जूनच्या सुरुवातीला पेटी उघडली तर मनोऱ्याच्या पत्र्यांवर राखाडी साय धरलेली, आणि ती साधी धूळ नव्हती, बोटांना चुरचुरीत लागत होती. खिडकीतला कूलर दिवसभर ओलसर हवा आत ढकलतो, धूळ त्या ओलाव्याने चिकटते. रंगकामाच्या ब्रशने झाडलं आणि हवा मारली, पाती बोटाने धरून; नाहीतर हवेच्या झोताने पंखा वेडावाकडा गरगरतो आणि त्याचं बेअरिंग जातं. आता दर पंधरा दिवसांनी, उन्हाळ्यात.

पुण्याचा फोन परवा पुन्हा आला. नव्या पुस्तकाचं चौथं प्रकरण.

"ताई, एक विचारू? मध्ये एक बारीक टूंऽ, टूंऽ येतंय."

मी हेडफोन लावून ऐकलं. उणे ६८च्या शांततेत, लांबवर, कोकीळ. पहाटे साडेचारला आमच्या मागच्या कडुनिंबावर. तो कदाचित सतराव्या प्रकरणातही असेल, पंख्याखाली दबलेला.

"येतंय आणि जातंय का?" मी विचारलं.

"हो, आणि चढत चाललंय."

म्हटलं, उद्यापासून तीनला उठते.